मुके झालेले इंजिन

बेला गावास आगगाडी नाही. इंजिनाची शिट्टी ऐकावयाची तर आदिलाबाद गाठावे लागते. तथापि आमच्या गावातील एका घरी रोज दिवेलागणीस इंजिन शिट्टी देते, वाफ सोडते आणि ओसरीतील मोठ्या टेबलावर भकभक करीत गोल फिरते.

हे घर आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांचे. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. मीटरगेजच्या दिवसांत पूर्णा-आदिलाबाद मार्गावर ते वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. पुढे तो मार्ग ब्रॉडगेज झाला, वाफेची इंजिने गेली आणि काचबिंदूने आबांची दृष्टीही गेली. परदेशी नोकरीस असलेल्या नातवाने हे खेळातले इंजिन पाठविले ते याच विचाराने, की आजोबांना दिसत नाही, पण ऐकू तर येते!

इंजिन वीतभर लांबीचे, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढे. रुळांतील अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर. त्याच्या पोटात कोळसा नाही, पाणी नाही. रुळांतून वीज येते, चाके ती उचलतात आणि चाकांना टेकलेल्या बारीक पट्ट्या ती डिकोडर नावाच्या चिमुकल्या यंत्राकडे पोहोचवितात. चालण्याचा वा शिट्टी देण्याचा हुकूमही त्याच विजेबरोबर येतो. खऱ्या इंजिनाचे ध्वनिमुद्रित आवाज डिकोडरात साठविलेले असतात. मागील कोळशाच्या डब्यात नाण्याएवढा स्पीकर असतो, त्यातून ते बाहेर पडतात.

गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत हा आवाज बिघडला. इंजिन हातभर जाई, आवाज तुटे आणि पुन्हा अगदी आरंभापासून सुरू होई. आबांनी आम्हांस बोलावून घेतले. "फादर, गाडीला उचकी लागलीय. बघा जरा."

पुण्यात सेमिनरीत शिकत असताना आम्ही कोथरूड येथील भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय पाहिले होते. १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले होते. तेथील सिग्नल, बोगदे आणि धावत्या गाड्या आम्ही डोळे भरून पाहिल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर आम्ही स्वतःस जाणकार समजलो, ही आमची पहिली चूक.

दुसरी चूक अधिक मोठी. आबांची आठ वर्षांची नात दाराशी उभी होती. आम्ही तिला विचारले, "इंजिन तू पाडलेस ना?" ती म्हणाली, "नाही, फादर." आम्ही पुन्हा तेच विचारले. ती काही न बोलता आत निघून गेली. त्या मौनास आम्ही कबुली समजलो.

मग आम्ही स्क्रू काढून इंजिन उघडले. उघडताना केसासारखी बारीक तार तुटली, ती आमच्या ध्यानातही आली नाही. आवाज जो तुटत होता तो आता पार बंद झाला. घाबरून आम्ही सोबतच्या पुस्तिकेत पाहून आठव्या क्रमांकाच्या नोंदीत आठ हा आकडा घातला. अनेक डिकोडरांत असे केले की कारखान्यातून निघतानाची मूळ स्थिती परत येते. ती आलीही. नातवाने जुळवून दिलेले सर्व आकडे पुसले गेले, इंजिनाचा क्रमांक तीन झाला आणि आवाज मात्र आला नाही. तुटलेली तार आकड्यांनी कशी जुळावी?

दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिन घेऊन आदिलाबादेस मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने प्रथम विचारले, "हे उघडलं कोणी?" आम्ही मान खाली घातली. तो हसून म्हणाला, "फादर, उघडण्याआधी दिवा बघायचा होता. आवाज तुटताना पुढचा दिवाही लुकलुकला, तर वीजच पोहोचत नाही. दोष रुळात किंवा चाकात. दिवा स्थिर आणि आवाज नाही, तर तार किंवा स्पीकर पाहायचा. त्याआधी आवाज बंद करण्याचं बटण चुकून दाबलं गेलं नाही ना, तेही पाहायचं. डिकोडरवर संशय सगळ्यांत शेवटी." आवाज फाटून घरघरत असेल तर स्पीकरचा पडदा, त्याची सैल डबी किंवा चुंबकाला चिकटलेला लोखंडी कीस पाहावा, हेही त्याने सांगितले. मापकाने स्पीकर शाबूत असल्याची खात्री करून घेऊन त्याने तार डाखली.

मग त्याने चाके आम्हांस दाखविली. त्यांवर काळे किटण बसले होते आणि आसांभोवती पांढरे तंतू गुंडाळले होते. तो कापूस होता! वेचणीचा कापूस त्याच ओसरीत रचलेला, त्याचे तंतू तेलकट चाकांना चिकटले आणि वीज अडली. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजविलेल्या फडक्याने चाके आणि रूळ पुसले, एवढ्यात उचकी थांबली. रूळ लोखंडी काथ्याने मात्र कधी घासू नयेत. त्याचे तुकडे मोटारीच्या व स्पीकरच्या चुंबकाकडे ओढले जातात.

सायंकाळी इंजिन पुन्हा ओसरीत धावले. आबा ऐकत राहिले आणि म्हणाले, "आवाज आला, पण ताल नाही. दोन सिलिंडर असतात, फादर. दट्ट्या जाताना एक धाप, येताना एक. चाकाचा एक फेरा, चार धापा. ही पाच टाकतेय." आम्ही नातवास फोन लावून कोणता आकडा बदलावयाचा ते विचारून घेतले. गाडी अगदी हळू चालविली. आम्ही डोळ्यांनी चाकाचा फेरा पाहून सांगत होतो, आबा कानांनी धापा मोजत होते. चार जुळल्या तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली.

आता हिशेब सरळ होता. एक दोष कापसाचा, दोन आमचे. मुलीचा एकही नाही. आम्ही तिला बाहेर बोलावले आणि सर्वांसमक्ष सांगितले, "बाळ, तू खरे बोललीस. चूक आमची झाली." तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले, मग टेबलाशी जाऊन शिट्टीचे बटण दाबले.

प्रिय वाचकहो, घरात काही मोडले की आपली नजर प्रथम लहान मुलाच्या हाताकडे जाते. ती जाण्यापूर्वी एकदा दिवा पाहावा, चाके पुसावीत. आमच्या विचारण्याने त्या मुलीच्या तोंडचा शब्द गेला होता, आणि तो परत आणण्यास कोणत्याही कारागिराचे हात उपयोगी पडले नसते.