पितळ, पट्टी आणि फुंक

मोझरीत वाद्य म्हटले की आधी खंजेरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे गुरुकुंज आश्रम उभारला आणि त्यांच्या हातातल्या खंजेरीने सगळ्या वऱ्हाडाला भजनाचा ठेका शिकवला. आमच्याकडचे पोर हार्मोनियमच्या पट्टीला हात लावण्याआधी खंजेरीवर थाप मारते. मीही त्याच ठेक्यावर वाढलो. तरी माझ्या कानात सगळ्यांत खोल बसलेला आवाज पितळेचा आहे, आणि त्याला कारण माझे मामा.

मामा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. तुळशीचे लग्न झाले की त्यांचा लाल कोट ट्रंकेतून बाहेर निघायचा आणि भर उन्हाळा सरेपर्यंत मामा घरी क्वचितच सापडायचे. पावसाळ्यात कपाशीत डवरणी करणारा माणूस उन्हाळ्यात खांद्याला सोनेरी झालर लावून वरातीच्या पुढे चालायचा, आणि गाव त्याला दोन्ही रूपांत ओळखायचे. ट्रम्पेट मेरठचा होता. देशभरातल्या बँडवाल्यांची पितळी वाद्ये मेरठच्या जली कोठी भागातून येतात, हे मला फार पुढे कळले. तेव्हा मेरठ म्हणजे मामांच्या तोंडून ऐकलेले एक लांबचे नाव, एवढेच.

सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो. सकाळी गोठ्यात ते आधी नुसता माउथपीस घेऊन बसायचे. ओठांची बारीक फुरफुर चालू असायची आणि बैल शांतपणे कडबा खात राहायचे. ट्रम्पेटमध्ये खरा वाजतो तो ओठ. पितळी नळी त्या थरथरीतून आपल्या लांबीला जुळणारे सूर उचलते आणि मोठे करते. मधली कळ दाबली की सूर अर्धा स्वर उतरतो, पहिलीने एक स्वर, तिसरीने दीड. तीन कळांच्या जोडण्यांतून नळीच्या सात लांब्या मिळतात. बाकीचे सगळे ओठांनी करायचे. एकही कळ न दाबता मामा चार-पाच वेगवेगळे सूर काढायचे, आणि मी बोटे बघत बसायचो तर बोटे हललेलीच नसायची.

मला त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला. "गालानं नाई बे, पोटातून फुक," हे वाक्य मी त्या गोठ्यात असंख्य वेळा ऐकले. माझ्या ओठांतून सूर निघायचा, पण टिकायचा नाही. ते कधी रागावले नाहीत. म्हणायचे, "दम हाय तुह्यात. ओठ यायले वेळ लागते."

मे महिन्यातली दुपारची वरात म्हणजे कसोटी. आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, पितळ हातात धरवत नाही. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर, आणि नळीतला सूर चढत जातो. मामांना हे सूत्र कुणी सांगितलेले नव्हते, पण ते ट्यूनिंगची नळी थोडी बाहेर ओढून घ्यायचे आणि क्लॅरनेटवाल्याकडे बघून मान हलवायचे. तरीही त्या उन्हातला सूर नेहमीपेक्षा चढाच असायचा. गाण्याला त्याने एक धार यायची.

बँडची गाणी सिनेमातली. 'अलबेला' हा १९५१ चा चित्रपट त्यांच्या तरुणपणाच्याही आधीचा, पण त्यातल्या चाली बँडवाल्यांना पाठ असायच्या, कारण त्या पितळेच्या वाद्यांवर शोभतात. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, काही काळ नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले. आणि त्यांच्या साथीला होते गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट या नावाने ओळखायची. ट्रम्पेटवाले. गोव्याच्या चर्चमध्ये नोटेशन शिकलेल्या माणसांनी मुंबईच्या स्टुडिओत ट्रम्पेट फुंकायचा, ते रेडिओवरून वऱ्हाडात पोचायचे, आणि कानाने उचललेली ती फ्रेज मामा वरातीत वाजवायचे. लावणीतली हरकत घ्यायची असली तर ते कळ पूर्ण दाबायचेच नाहीत. अर्ध्यावर धरायचे. सूर घसटत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायचा. तीन कळांच्या परदेशी वाद्यातून मींड काढायची ही युक्ती बँडवाल्यांनी आपापल्या कानाने शोधली, आणि ती कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत याचे मला आजही वाईट वाटते.

माझा ओठ आला नाही. मी हार्मोनियमकडे गेलो. भजन मंडळात बसू लागलो. हार्मोनियमलाही श्वास असतो, पण तो भात्यात असतो, डाव्या हातात, आणि एका वेळी दाबलेल्या सगळ्या पट्ट्यांना एकच श्वास पुरतो. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला माहीत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली ती याच मुद्द्यावर, आणि ती जवळजवळ तीस वर्षे टिकली. मी हार्मोनियमवाला असूनही तो आक्षेप मला खोटा वाटत नाही. गायकाचा गळा जिथे वळतो तिथे पट्टी पायरीवर उभी असते. चांगला वादक ही उणीव झाकतो, नाहीशी करू शकत नाही.

पुढे बँडमध्ये कॅशिओ आला. कंपनी कुठलीही असो, आमच्याकडे प्रत्येक कीबोर्ड कॅशिओच. मग नागपूरकडून धुमाल आला: गाडीवर भोंगे, ढोल-ताशे, आणि चालीसाठी एक कीबोर्डवाला. आठ-दहा फुंकणाऱ्यांची मजुरी वाचली. मी त्यात वाजवले आहे, चांगले पैसेही मिळाले. त्याच सुमारास मामा मोटरसायकलवरून पडले आणि वरचे पुढचे दोन दात गेले. ट्रम्पेटचा माउथपीस ओठावर टेकतो आणि ओठ दातांवर. दात गेले की पाया गेला. कवळी बसवून त्यांनी करून पाहिले. दुखायचे, सूर फुटायचा. एक दिवस त्यांनी ट्रम्पेट कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि त्याबद्दल बोलणे बंद केले.

त्यानंतर एका लग्नात मी कीबोर्डवर ट्रम्पेटचा टोन लावून त्यांचीच एक आवडती चाल वाजवली. त्यांना बरे वाटेल असे मला वाटले होते. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मग विचारले, "हा गडी दम कवा घेते?"

मला उत्तर देता आले नाही. त्या टोनमधला ट्रम्पेटवाला श्वासच घेत नव्हता. पट्टी दाबली की आवाज सुरू, सोडली की बंद. मधल्या काळात काहीच घडत नाही. जोरात दाबले तर मोठा, हळू दाबले तर लहान, पण एकदा दाबल्यावर सूर फुगत नाही, विरत नाही, थरथरत नाही. पितळेचा सगळा जीव तर त्या मधल्या काळात असतो. आणि मोठा आवाज म्हणजे लहान आवाजाचीच वाढवलेली आवृत्ती नव्हे. जोराने फुंकले की नळीतल्या लाटेचा पुढचा कडा उभा होत जातो. ट्रॉम्बोनमध्ये तो इतका उभा होतो की अक्षरशः आघातलहर तयार होते, हे १९९६ मध्ये हिर्शबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले. वरातीत मामांचा शेवटचा सूर अंगावर यायचा, त्याच्या मागे ही गोष्ट होती.

मी तोवर अमरावतीत रेकॉर्डिंगची कामे करू लागलो होतो, आणि तिथेच मला कळले की हा प्रश्न मामांच्याही आधी एका ट्रम्पेटवाल्यालाच पडला होता. अमेरिकेतल्या नाइल स्टाइनर यांनी १९७० च्या दशकात एक वाद्य बनवले: तोंडाने फुंकायचे, उजव्या हाताने तीन कळा चालवायच्या, डाव्या हाताने सप्तक बदलायचे, आणि आवाज सिंथेसायझरने द्यायचा. १९८७ मध्ये जपानच्या अकाई कंपनीने ते बाजारात आणले आणि सोबत लाकडी-फुंकवाद्यांच्या बोटांचे दुसरे भावंडही, ईडब्ल्यूआय. यामाहाच्या डीएक्स-७ या कीबोर्डला तर १९८३ मध्येच फुंकणी जोडायची सोय होती. हात पट्टीवर, नळी दातांत. त्याच वर्षी मिडी हा वाद्यांचा सामाईक करार झाला आणि त्यात श्वासाला स्वतःचा क्रमांक मिळाला: २. फुंकीचा दाब ० ते १२७ अशा आकड्यांत मोजला जातो आणि तारेतून वाहत राहतो. माझ्या गावात धुमालच्या गाड्या फिरत होत्या तेव्हा ही सोय कितीतरी आधीपासून जगात होती. ती आमच्यापर्यंत कुणी आणली नाही.

ती फुंक ऐकून आवाज देणारे टोकही बदलत गेले. जुनी पद्धत म्हणजे खऱ्या वादकाचे सूर तुकड्यातुकड्याने मुद्रित करून ठेवायचे. दुसरी पद्धत म्हणजे नळी, ओठ आणि हवा यांचे गणित मांडून आवाज त्या क्षणी घडवायचा. स्टॅनफर्डच्या ज्युलियस स्मिथ यांच्या संशोधनावर यामाहाने १९९४ मध्ये व्हीएल-१ काढला तो याच वाटेने. आज इटलीतल्या ऑडिओ मॉडेलिंगचे स्वॅम हे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर ते काम करते. मला दुसरी वाट जवळची वाटते. तिच्यात ट्रम्पेट साठवलेला नसतो, दर फुंकीला नव्याने जन्मतो. म्हणून त्यात चुकीलाही जागा असते: कमी दाबात सूर उमलत नाही, जास्त दाबात चरचरतो.

मी पहिल्यांदा कीबोर्डला फुंकणी जोडून बसलो तेव्हा माझ्या हातांना आणि फुप्फुसांना एकमेकांची ओळख नव्हती. हार्मोनियमवाला पट्टी दाबतो आणि आवाज येणार हे गृहीत धरतो. इथे दहाही बोटे दाबून ठेवा, फुंक शून्य असेल तर आवाजही शून्य. मला हे शून्य फार महत्त्वाचे वाटले. मोझरीत महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात, अश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. ११ ऑक्टोबर १९६८ ला त्यांनी देह ठेवला ती ही वेळ. लाखोंचा समुदाय त्या क्षणी जिथे आहे तिथे थांबतो. लहानपणापासून मी त्या गर्दीत उभा राहिलो आहे. तिथले मौन रिकामे नसते. इतकी माणसे मिळून ते धरून ठेवतात, आणि धरण्याची मेहनत अंगाला जाणवते. फुंकवाद्यातला विरामही वादकाने असाच धरलेला असतो. कीबोर्डवर बोट उचलल्याने होणारा थांबा वेगळा. दोन ओळींच्या मध्ये भजनी मंडळाचा सामूहिक श्वास ऐकू येतो ना, तो मला या नळीतून पहिल्यांदा वाजवता आला.

मग मामा. अकाईच्या ईडब्ल्यूआयमध्ये ट्रम्पेटच्या तीन कळांची बोटे लावायची एक पद्धत असते. जुने यंत्र मिळवले, ती पद्धत निवडली आणि मोझरीला घेऊन आलो. नळी तोंडात धरायची असते, पण ओठ थरथरवायचा नसतो, त्यामुळे दातांचा प्रश्नच उरत नाही. मामांनी ते उलटसुलट करून पाहिले. "कायचं हाय हे?" म्हणाले. "पितळ कुठी हाय याच्यात?" मी लॅपटॉपकडे बोट दाखवले, त्यांना ते पटले नाही. पण बोटे कळांवर आपोआप बसली. पहिली, दुसरी, तिसरी. मी म्हटले, "मामा, तुमी फुका तर खरं."

त्यांनी फुंकले. पोटातून.

पहिली अडचण ओठांची आली. ट्रम्पेटमध्ये त्याच बोटांवर वरचा सूर ओठ आवळून काढतात. इथे ते काम डाव्या हाताकडे असते. मामांचा ओठ वर्षानुवर्षांच्या सवयीने आवळायचा आणि सूर तिथेच राहायचा. ते चिडायचे, यंत्र खाली ठेवायचे, पाणी प्यायचे, पुन्हा घ्यायचे. पाटी-पेन्सिल हाती घेतलेल्या पोरासारखे ते डाव्या अंगठ्याला वळण लावत बसले. चाल लागू लागली तेव्हा मामीने स्वयंपाकघरातून हाक मारून कोण वाजवतंय ते विचारले. मामांनी उत्तर दिले नाही, ते ओळीच्या मध्यात होते.

दुसरी अडचण दमाची. वय झाले आहे, पूर्वीचा जोर नाही. इथे यंत्राने माझे मन जिंकले. फुंकीच्या दाबाचा आणि आकड्याचा संबंध सॉफ्टवेअरमध्ये वाकवता येतो. थोडक्या दाबाला मोठा आकडा मिळेल असा उतार मी बांधून दिला. मामांनी चार ओळी वाजवल्या आणि थांबले. "हे सोपं झालं. मंग जोर लावाची मजा कायची?" मी उतार अर्धा मागे घेतला. ते खूश झाले. घाम आला, तरी खूश. कष्टाशिवाय मिळणारा वरचा सूर त्यांना नको होता, आणि मला वाटते ते बरोबर होते. पितळेच्या आवाजात ऐकणाऱ्याला जे भावते ते बरेचसे त्या माणसाचे झटणेच असते.

अर्धी कळ मात्र राहिली. या यंत्राच्या कळा स्पर्शाच्या आहेत, त्यांना बोट आहे की नाही एवढेच कळते, अर्धे कळत नाही. मींडेसाठी अंगठ्याजवळच्या पट्ट्या आहेत, पण मामांच्या हरकती दुसऱ्या बोटात आहेत आणि त्या तिथून हलायला तयार नाहीत. खऱ्या ट्रम्पेटच्या कळांखाली सरक मोजणारे संवेदक बसवून हे साधेल असे मला वाटते. माळ्यावरचा मेरठचा ट्रम्पेट उतरवून पुसून ठेवला आहे. त्याला भोक पाडायचे नाही, एवढी अट मामांनी घातली आहे.

सध्या वाद आहे तो सुराचा. सॉफ्टवेअर सेकंदाला ४४० कंपनांच्या सुरावर लावलेले येते, हार्मोनियमशी नेमके जुळते. मामांना ते पडलेले वाटते. त्यांच्या कानातली गाणी मे महिन्याच्या उन्हातली आहेत. मी हळूहळू चढवत ४४६ वर नेले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हं, आता वरात निंगाली." अडचण अशी की आमच्या भजन मंडळातले हार्मोनियमवाले काका त्यांच्यासोबत दोन भजने वाजवायला राजी आहेत, पण ४४६ ला बसायला राजी नाहीत, आणि हार्मोनियमचे सूर काही उन्हाने चढत नाहीत. मी दोघांच्याही घरी जाऊन आलो. येत्या गुरुवारी तिसऱ्यांदा बसणार आहोत. काकांनी रीडवाल्याला विचारून ठेवले आहे.