‘दहापट वेगवान’, पण कुणापेक्षा?

लाखो ऑर्डरींमधून नागपूरच्या ग्राहकांच्या तेवढ्या हव्यात. आधी नागपूरचे ग्राहक वेगळे काढायचे, की सगळ्या ऑर्डरी उपसत बसायचं? उत्तर एकच येतं, वेळेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. डेटाबेसमध्ये हा क्रम ऑप्टिमायझर ठरवतो. आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये त्याची रीत मांडली. (एक बाई, बरं का!)

मी बीए इंग्लिशवाली. हे सगळं वाचलं ते ऑफिसात ‘दहापट वेगवान डेटाबेस’ अशी जाहिरात लिहायला सांगितली म्हणून. वेग मोजायला टीपीसी-एच ही ठरलेली परीक्षा आहे: 8 टेबलं, 22 प्रश्न, सगळ्यांना सारखेच.

पण निकाल सगळ्यांना सोसत नाहीत. 1983 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डेविट आणि सहकाऱ्यांनी डेटाबेसांचे निकाल नावानिशी छापले. ओरॅकलला ते झोंबलं. पुढे परवानगीशिवाय निकाल छापायचे नाहीत, अशी अटच करारात आली. तिला आजही ‘डेविट क्लॉज’ म्हणतात!

मी ‘दहापट’ खोडलं. कोणती चाचणी, किती डेटा, कोणतं मशीन, एवढं इंजिनियरांकडून भरून मागितलं.

मॅडम म्हणाल्या, “अगं, एवढं कोण वाचतं?”

“पैसे मोजणारा वाचतो, मॅडम.”

जाहिरात अजून अडकलेलीच आहे.