आकाशमार्गे श्रवणबेळगोळ

मुंबई ते बंगळूर हे हवाई अंतर सुमारे 835 किलोमीटर. विमानाला पावणेदोन तास पुरतात. तथापि यात्रेकरूचे गणित तेथे संपत नाही. देवनहळ्ळीच्या विमानतळापासून श्रवणबेळगोळ सुमारे 180 किलोमीटर. मोटारीने साडेतीन-चार तास. पुढे विंध्यगिरीच्या कातळात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या, त्याही अनवाणी. सूर्यास्तापूर्वीचे भोजन साधावयाचे तर पहाटेचेच विमान घ्यावे. सोबत वृद्ध असल्यास मुक्काम करून दुसऱ्या सकाळी, कातळ तापण्याआधी, डोंगर चढावा. मुनिवर हेच अंतर पायी विहार करीत आक्रमितात. आपले दिवस विमानाने वाचतात. त्यांतील निदान एक प्रहर 57 फुटी भगवान बाहुबलींच्या चरणांशी द्यावा. त्याच दिवशी दुकानाच्या ओढीने परतणाऱ्यास प्रवास घडतो, यात्रा घडत नाही.