धावड्याच्या ओट्यावर ग्रीकांचा दाम

धावडा म्हटलं की तुम्हा गृहिणींना आधी आठवेल तो डिंक! थंडी पडली, घरात बाळंतीण आली, की डिंकाच्या लाडवांसाठी आपण वाण्याकडे हटकून धावड्याचाच डिंक मागतो. पण मी आज सांगणार आहे ते धावडा नावाच्या गावाबद्दल. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्याच्या उत्तर टोकाला हे गाव आहे. लग्न होऊन मी इथे आले त्याला बरीच वर्षं झाली. सकाळी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवायचा आणि दुपारी घर सांभाळायचं, असा माझा दिनक्रम.

जालन्याहून एसटीने निघालात की भोकरदन लागतं. तिथून गाडी उत्तरेकडे निघाली की हळूहळू अजिंठ्याच्या डोंगरांची निळी रेघ दिसू लागते. हा सगळा मिरचीचा पट्टा. हंगामात बाजाराच्या दिवशी धावड्यात उतरलात तर पदर नाकाला लावूनच चालावं लागेल. पश्चिमेला, फार लांब नाही, ते अजिंठ्याच्या लेण्यांचं गाव. पाहुणे येतात ते लेणी बघून परत जातात. मी मात्र त्यांना सांगते, परतताना भोकरदनला थोडं थांबा.

का, ते ऐका. केळना नदीच्या काठचं आजचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना ज्यांनी दान दिलं, त्यांच्या गावांमध्ये भोगवर्धनाचं नाव कोरलेलं आहे. पैठणहून उज्जैनकडे जाणारी व्यापाराची वाट इथून जात असे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. त्यात मणी सापडले, सातवाहनांची नाणी सापडली आणि हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडाही सापडला. अगदी तशाच घडणीची एक हस्तिदंती मूर्ती त्याआधी, १९३८ साली, इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या ढिगाऱ्यात मिळाली होती. ज्वालामुखीच्या राखेखाली हे शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं. म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. ती आपल्या या भागातच घडवली गेली असावी, असं मत काही अभ्यासकांनी मांडलं आहे.

आता तुम्ही संसारी बायका, तेव्हा पुढचा प्रश्न तुम्हीच विचाराल. एवढा माल परदेशी जायचा, तर त्याच्या बदल्यात काय यायचं?

यायची ती मुख्यतः चांदी आणि सोनं. एका ग्रीक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात समुद्रप्रवासाचं एक टिपण लिहून ठेवलं आहे. त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही, टिपण मात्र टिकलं. तो सांगतो की भरुचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. तिथून अकीक आणि कापड गाड्यांवर लादून, वाटाही नसलेल्या मुलखातून भरुचला आणतात. आणि त्याच भरुचमध्ये अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची, ग्रीक अक्षरांची जुनी चांदीची नाणी अजून चालतात!

या नाण्याचं नाव होतं ‘द्राख्मे’. ते आपल्या देशात आलं आणि ‘द्रम्म’ झालं. यादवांच्या शिलालेखांत द्रम्मच आहेत. प्राकृतात त्याचं ‘दम्म’ झालं आणि आपल्या तोंडी ‘दाम’. दाम करी काम, दामदुप्पट, खिशात छदाम नाही, हे सगळं त्याच एका शब्दाचं गणगोत. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून बसली.

मूळ ग्रीसमधलं नाणं कसं होतं? अथेन्स शहराचं चार द्राख्मांचं नाणं प्रसिद्ध आहे. एका बाजूला अथेना देवीचं तोंड, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड. आपण घुबडाला अशुभ म्हणतो आणि तरी लक्ष्मीच्या वाहनांत धरतो. त्यांच्याकडे ते शहाणपणाच्या देवीचं. वजन सतरा ग्रॅमच्या आसपास, चांदी चोख. अलेक्झांडरनंतर ग्रीक राजे अफगाणिस्तान आणि पंजाबात राहिले तेव्हा नाणं हलकं झालं, एक द्राख्मे जेमतेम अडीच ग्रॅमचा. शिवाय ते दोन लिप्यांत बोलू लागलं. मिनँडर, म्हणजे बौद्ध ग्रंथांतला मिलिंद राजा. त्याच्या नाण्यावर एकीकडे ग्रीक अक्षरं आणि दुसरीकडे खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’, म्हणजे ‘तारणहार महाराज मिनँडर याचं’. अगाथोक्लिस नावाच्या राजाने तर नाण्यावर नांगरधारी बलराम आणि चक्रधारी कृष्ण काढले. तशी सहा नाणी १९७० साली उत्तर अफगाणिस्तानात आय-खानूम या जागी मिळाली. ज्या प्रजेत राहायचं तिचे देव नाण्यावर घ्यायचे, ही समजूत त्या राजांना होती.

आता पुन्हा आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी या गावी एक मोठा साठा सापडला. चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी! सगळी क्षत्रप राजा नहपान याची. घडण त्या ग्रीक नाण्यांवरूनच घेतलेली, एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. पण गंमत अशी की अक्षरं ग्रीक असली तरी भाषा मात्र इथली, प्राकृत. आपली मुलं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात ना, तसंच. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तेच नाव पुन्हा ब्राह्मी व खरोष्ठीत.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. या साठ्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या लेण्यात लेख कोरवून घेतला. ‘क्षहरातांचा वंश निःशेष करणारा’, असं ती आपल्या मुलाबद्दल त्यात सांगते. पण या मुलाने शत्रूची नाणी वितळवली नाहीत. त्याच नाण्यांवर आपली तीन कमानींची टेकडी आणि उज्जैनचं चिन्ह ठोकलं आणि पुन्हा बाजारात सोडली. म्हणून आज खालून नहपानाचं नाक, कुठे दोन ग्रीक अक्षरं डोकावतात आणि वरून गौतमीपुत्राचं नाव. जिंकणारा आणि हरलेला दोघंही एकाच नाण्यावर वाचता येतात. तेव्हाच सगळी वितळली असती, तर आपल्याला मिळाला असता नुसता चांदीचा गोळा.

अशी नाणी जमवणं हा श्रीमंतांचा शौक आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटे. पण छत्रपती संभाजीनगरला एका नाण्यांच्या प्रदर्शनात मी माझं पहिलं क्षत्रप नाणं विकत घेतलं ते एका साध्या सुती साडीच्या किमतीत. दिवाळीच्या साडीऐवजी ते घेतलं, एवढंच. शर्टाच्या बटणाएवढं, दोन ग्रॅमचं. रुद्रसेन दुसरा याचं. त्यावर राजाचं आणि त्याच्या वडिलांचंही नाव आहे, ‘वीरदामपुत्रस रुद्रसेनस’. राजाच्या डोक्यामागे साल कोरलंय, शके १८८. अहो, हा तोच शक, जो आपण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गुढीपाडव्याला बदलताना बघतो! १८८ मध्ये ७८ मिळवा, इसवी सन २६६ आलं. माझी मुलं हे गणित बोटांवर करतात.

आणि ग्रीक अक्षरं? राजाच्या चेहऱ्याभोवती आहेत, पण ती आता अक्षरं राहिलेली नाहीत. नुसत्या उभ्या रेघा आणि गोल. नहपानानंतर ठसे कोरणाऱ्या कारागिरांना ग्रीक येईनासं झालं, पण नाण्यावर कडेने काहीतरी असतं हे त्यांना माहीत होतं. मग वडिलांचं बघून मुलाने काढलं, त्याचं बघून नातवाने. आपण आजीच्या हातची ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तिचा अर्थ आपल्याला कुठे ठाऊक असतो? तसंच हे.

नाण्यांची गोडी लागली की नाशिकच्या पांडवलेण्यांना नुसतं फिरायला जाणं होत नाही. दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्याने कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक दराने. वर्षाचं व्याज झालं दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. आणखी हजार ठेवले ते पाऊण टक्क्याने. आपल्या बचत गटाच्या वहीत याहून काय वेगळं असतं? आणि याच लेण्यात त्याच्या बायकोचंही नाव आहे, दक्षमित्रा. नहपानाची लेक. तिने भिक्षूंसाठी एक खोली दान दिली. लेखातला खोलीचा शब्द आहे ‘ओवरक’. आपल्या देवळातली ओवरी ती हीच! लेणी बघून त्र्यंबकच्या रस्त्याने अंजनेरीला गेलात तर तिथल्या नाणेसंग्रहालयातही जरूर जा. मुलांना सोबत न्या.

आता धावड्यातलीच एक गोष्ट सांगते. आमच्या शेजारच्या आत्याबाईंच्या पेटीत कापडाच्या पुरचुंडीत सात रुपये होते, निजामाचा हाली सिक्का. लग्नात त्यांच्या आईने दिलेले. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, तोवर इथे तेच चालत. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, फीचा पहिला हप्ता भरायचा होता. सोनाराने तोळ्यावर भाव सांगितला. वर, ही चांदी शुद्ध नाही म्हणून घट धरली, आणि ते खरंच होतं. हाली रुपयात शंभरात ब्याऐंशी भागच चांदी असते. सूनबाई निघाल्या तेव्हा मी म्हटलं, “मोडायच्या आधी एकदा वाचून तर घेऊ.”

आत्याबाई म्हणाल्या, “माय, चांदीला काय वाचायचं?”

शाळेतल्या एका उर्दू जाणणाऱ्या बाईंना बोलावलं. ओट्यावर चादर अंथरून आम्ही सातही रुपये मांडले. चारमिनार सगळ्यांना ओळखू आला. बाईंनी त्याच्या कमानीत बोट ठेवून एक बारीक अक्षर दाखवलं. ऐन, म्हणजे उस्मान अलींचं. पाच रुपयांवर ऐन होतं. उरलेल्या दोन रुपयांवर मीम, म्हणजे त्यांच्या वडिलांचं, महबूब अलींचं. आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ही दोन आईची नव्हती. आईच्या आईची असतील.”

पाच रुपये मोडले आणि मीमचे दोन राहिले. फी भरली गेली, आणि ती भरायलाच हवी होती. स्त्रीधन अशा वेळेसाठीच असतं. माझं म्हणणं इतकंच, की मोडायचं असेल तर मोडा, पण आधी वाचा. कोणतं मोडायचं आणि कोणतं ठेवायचं, ते वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून जाता जाता चार उपयोगाच्या गोष्टी.

जुन्या नाण्याला चिंच, लिंबू, राख किंवा टूथपेस्ट कधी लावू नका. वरचा काळा थर त्याचं रक्षण करतो. घासल्यावर चकाकी येते आणि अक्षरं जातात. फार धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढा आणि मऊ कापडाने टिपा, पुसू नका. पूजेतल्या नाण्याला हळदकुंकू लागणारच, तेव्हा पूजेसाठी नवं नाणं ठेवा.

नाणं कडेने धरावं. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावं. मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांनी चांदीवर चिकट हिरवट डाग येतात. गळ्यात घालायला कडी डकवू नका आणि भोक पाडू नका.

विकत घेताना माहितीतल्या विक्रेत्याकडून, पावती घेऊनच घ्या. लेण्यांच्या वाटेवर कोणी ‘शेतात सापडलं’ म्हणून नाणं पुढे केलं तर हात मागे घ्या. बहुतेक वेळा ते ओतीव, नकली असतं. कडेला सांध्याची रेघ आणि अंगावर बारीक फुगे दिसतात. आणि खरं असेल तर? जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, असा १८७८ सालापासून कायदा आहे. तसंच शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, हा १९७२ चा कायदा. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून क्षत्रप नाणं पाठवू नका.

आणि शेवटी, एक वही करा. नाण्यावर पातळ कागद ठेवून त्यावरून पेन्सिल अलगद फिरवली की छाप उठते. त्याखाली लिहा: हे नाणं कोणाचं, घरात कोणी आणलं, कोणाच्या लग्नात आलं. आत्याबाईंनी मोडलेल्या पाच रुपयांच्या छापा आमच्या वहीत आहेत. त्यांच्या नातीने खाली तारीख घातली आहे, आधी शके आणि मग इसवी सन.