सहा फुटी की आठ फुटी?

मी अमरावतीत उर्दू शाळेत शिकवते. गेल्या वर्षी अकोल्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "आपा, नोकरी सोडतोय. स्वतःचं वर्कशॉप टाकतो." लेथसाठी पैसे कमी पडत होते. व्याजाचं कर्ज घरात कुणालाच नको होतं. उमऱ्यासाठी साठवलेली माझी रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून द्यायचं ठरलं.

त्याचं मन आधी सीएनसीवर, मग एका नव्याकोऱ्या सहा फुटी लेथवर बसलं. मी म्हटलं, "आधी कोणतं काम येणार ते वहीत लिही."

अकोल्यात डाळमिल आणि जिनिंग. त्यामुळे यादीत आले घासलेले शाफ्ट, पुली, ट्रॅक्टरच्या पिना. एकेक नग, प्रत्येकाचं माप वेगळं. एकसारखे शेकडो नग असतील तरच सीएनसीचा खर्च निघतो. शिवाय काही शाफ्ट साडेचार फुटी. सहा फूट ही बेडची लांबी. हेडस्टॉक-टेलस्टॉकची जागा वजा जाता कामाला जेमतेम तीन-सव्वातीन फूट उरतात.

शेवटी जुनी आठ फुटी मशीन पाहिली. तिच्यात पाचेक फूट मिळतात. भावाने रंगाकडे पाहिलंच नाही. बेड चकाजवळ जास्त झिजतो, म्हणून तिथे बोट फिरवलं. एक सळई तासून दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजली. माप जुळलं, मगच बयाणा दिला.

परवा त्याने पहिला हप्ता परत केला. अलहम्दुलिल्लाह, उमऱ्याचा डबा पुन्हा भरू लागलाय. वर्गात मी आता सांगते, "मुलांनो, आधी गणित नीट वाचा, मग सूत्र निवडा."