आधी पाणी, मग फिल्टर

घरासाठी फिल्टर निवडताना पहिला प्रश्न किमतीचा किंवा कंपनीचा नसतो. नळाला येणारे पाणी कुठले आहे, हा असतो. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचे आणि पुण्याला खडकवासल्याचे पाणी मिळते. सह्याद्रीवरच्या पावसाचे हे पाणी मुळातच कमी क्षारांचे असते. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मात्र बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते ना चवीला कळते, ना वासाला. मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले की घरच्यांच्या लक्षात येते. या सगळ्या घरांना एकच यंत्र चालेल, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पाण्यात दोष दोन प्रकारचे असतात, जंतूंचा आणि विरघळलेल्या द्रव्यांचा. धरणाचे शुद्ध केलेले पाणी ज्यांना मिळते, त्यांना मुख्य भीती जंतूंची असते. फुटकी जलवाहिनी, शेजारून जाणारे सांडपाणी, वर्षानुवर्षे न धुतलेली सोसायटीची टाकी, इथून जंतू शिरतात. अशा घराला यूव्ही किंवा यूएफ यंत्र पुरते. यूव्हीच्या किरणांनी जंतूंची वाढ होण्याची क्षमता नष्ट होते. पण पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणांआड जंतू सुखरूप राहतात. शिवाय दिवा पेटलेला दिसला तरी काही महिन्यांनी त्याचा जोर उतरतो, म्हणून तो ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो. यूएफच्या बारीक छिद्रांच्या नळ्या विजेशिवाय जिवाणू अडवतात, पण सगळे विषाणू अडतीलच असे नाही. उकळणे आजही उत्तम: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते.

विरघळलेल्या द्रव्यांवर यातले काहीच चालत नाही. उलट नायट्रेटचे पाणी उकळले तर वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते घातक ठरू शकते. इथे विरघळलेली द्रव्येही पडद्यावर अडवणारा आरओ लागतो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे लिटरमागे एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट मात्र ४५ च्या वर चालत नाही आणि फ्लोराइड दुसरा स्रोत नसला तरी दीडच्या वर नको.

आरओची किंमत पाण्यात मोजावी लागते. साधे घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर सोडून देते. म्हणूनच टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला दिले होते. तरीही खडकवासल्याचे पाणी पिणाऱ्या घरांतही आरओ विकले जातात, आणि त्यात एका प्रयोगाचा मोठा हात आहे. विक्रेता दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात नळाचे, दुसऱ्यात आरओचे. दोन्हींत धातूच्या सळ्या बुडवून वीज सोडतो. नळाच्या पेल्यात तांबूस-काळा गाळ तरंगू लागतो, दुसरा पेला स्वच्छ राहतो आणि घरातली माणसे घाबरतात. तो गाळ पाण्यातला नसतो, सळीच्या झिजलेल्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यातून जवळजवळ नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. हातातला टीडीएस मीटरही विजेच्या वहनावरच चालतो. जंतू, कीटकनाशके किंवा आर्सेनिक त्याला दिसत नाही.

यंत्रातला कार्बन क्लोरीन काढून टाकतो. चव सुधारते, पण पुढच्या टाकीतल्या पाण्याला जंतूंपासून संरक्षण उरत नाही. गावाहून परतल्यावर ती टाकी एकदा पूर्ण रिकामी करावी.

उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचे पाणी मिसळले की नळाचे पाणी बदलते, पहिल्या पावसात पुन्हा बदलते. म्हणून मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. जंतूंसाठी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि रासायनिक तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. तो अहवाल हातात येईपर्यंत यंत्राचे पैसे देऊ नयेत.