आसगावचा मुक्काम

गेल्या कार्तिकात भगिनीच्या घरी आसगावास जाण्याचा योग आला. हे गाव भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, चौरास नावाने ओळखल्या जाणाऱ्या धानाच्या मुलखात वसले आहे. या खेपेस आम्ही एस.टी. सोडून दिवंगत वडीलबंधूंची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी काढली. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या कंपनीची ही गाडी. मुंबईत टॅक्सीच्या रूपाने धावणाऱ्या तिच्या भगिनी 2023 साली निवृत्त झाल्या. आमची मात्र पुतण्याने प्रेमाने जपली आहे.

भंडाऱ्याहून अड्याळमार्गे जाताना दुतर्फा कापणीस आलेले धान व मधूनमधून पाण्याने भरलेल्या बोड्या पाहून चित्त प्रसन्न झाले. पवनी मागे पडली, आसगावची घरे दृष्टीस पडू लागली, आणि तोच जळक्या रबराचा वास आला. पाहतो तो बोनेटच्या फटीतून धूर! मागच्या बैठकीवर सात वर्षांची नात निजली होती. पुतण्याने किल्ली बंद केली, तरी धूर थांबेना. अखेर त्याने पान्याने बॅटरीची तार सोडविली, तेव्हा तो शमला. तोवर आम्ही मुलीस उचलून धुऱ्यावर नेऊन उभे होतो. पेट्रोलची नळी त्या जळक्या तारेपासून वीतभरही दूर नव्हती, हे मागाहून कळले व अंगावर काटा उभा राहिला.

गावातील मिस्त्रींनी जागा दाखविली. ते म्हणाले, "गुरुजी, तार आपसूक नाही जळली जी, पत्र्यानं कापली." इंजिन व बैठक यांमधील पत्र्याच्या भिंतीतील छिद्रातून तारा आत जातात. त्या छिद्राचे रबरी कडे केव्हाच झिजून पडले होते. इंजिनाच्या कंपनाने तार वर्षानुवर्षे उघड्या कडेवर घासत राहिली, आणि आतील तांबे पत्र्यास टेकले. गाडीचा सांगाडा बॅटरीच्या दुसऱ्या टोकास जोडलेला असल्याने सारा प्रवाह त्या वाटेने धावला. तार थेट बॅटरीकडून आलेली, म्हणून किल्लीचा तेथे अधिकार चालेना. फ्यूज होता, परंतु जखमेच्या पलीकडे. चोर अंगणातून शिरावा आणि पहारेकरी परसदारी बसलेला असावा, तशी गत!

मिस्त्रींनी शेजारची एक तार बोटावर वाकविली, तो तिचे वेष्टन खपलीसारखे सुटले. शितावरून भाताची परीक्षा करण्यास आम्ही शाळेत स्थालीपुलाकन्याय म्हणून शिकवीत आलो. त्या न्यायाने उरलेल्या तारांचाही निकाल लागला.

दुरुस्तीस दोन दिवस लागले. तेवढा अधिक मुक्काम भगिनीस घडला, ही इष्टापत्तीच! मिस्त्रींनी त्याच जाडीच्या नव्या तारा घातल्या, छिद्रास रबरी कडे बसविले व तारांवर स्लीव्ह चढविली. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापत्या नळीजवळ काचतंतूंची स्लीव्ह वापरून तार तिच्यापासून दूर ठेवली. साधी काळी पट्टी उष्णतेने व तेलाने सुटते, म्हणून वीतवीत अंतरावर क्लिपा लावल्या. इंजिन हलते, यास्तव त्याच्याकडे जाणाऱ्या तारेस थोडी ढील ठेवली. पेट्रोलच्या नळीस मात्र एकही तार बांधू दिली नाही. शेवटी बॅटरीच्या अगदी निकट, तारेच्या जाडीस साजेल असा फ्यूज घातला. कारण फ्यूज रक्षण करतो तो तारेचे. धानाच्या गावी उंदीर पुष्कळ, सबब गाडी पेंढ्याच्या गंजीजवळ उभी करू नये, असेही त्यांनी बजाविले.

आम्ही दर दसऱ्यास त्या गाडीस झेंडूचा हार घालीत होतो. परंतु बोनेट उघडून आतील चार आण्यांच्या रबराकडे एकदाही पाहिले नव्हते. वाचकांपैकी कोणाच्या घरी वडिलार्जित गाडी असेल, तर त्यांनी येत्या रविवारी बॅटरीची तार सोडून त्या छिद्रावरून एकवार बोट फिरवावे. परतीच्या वाटेवर नात पुन्हा मागे निजली होती. आम्ही मात्र भंडाऱ्यापर्यंत नाक टवकारून जागे होतो.